सत्यताकोष्टकापासून चिपपर्यंत

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या चिपवर लेख लिहावा, याचे पुष्कळांना नवल वाटेल. विज्ञान शाखेच्या मित्रांना तर ही आमच्याकडून झालेली घुसखोरीच वाटण्याचा संभव आहे. परंतु या लेखाचा विषय चिपमधील वीज नसून चिपमधील तर्क हा आहे, आणि तर्कशास्त्रावर आमचा थोडाफार हक्क पोचतो. आमच्या वर्गात हा विषय घेणारे मोजून सात जण आहेत. "पुढे याचा उपयोग काय?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आता आम्हीच तो एकमेकांना विचारू लागलो आहोत. बारावीला मीही सत्यताकोष्टके मांडली ती गुणांसाठीच. क आणि ख या अक्षरांखाली 'स' आणि 'अ' यांच्या रांगा ओढायच्या, शेवटच्या रकान्यात सगळे 'स' आले की 'सर्वतः सत्य' असे लिहायचे, आणि पान उलटायचे.

गेल्या भाऊबीजेला वडिलांबरोबर आम्ही सारे धुळ्याहून जळगावला आत्याकडे गेलो होतो. पुण्याला नोकरी करणारा माझा आतेभाऊही आला होता. जेवणे झाल्यावर आजीने त्याला आपल्या अहिराणीत विचारले, "तू तठे पुनाले काय काम करस रे?" दादा म्हणाला, "चिपमधल्या चुका शोधतो, आजी. चिप दुसरे लोक आखतात. मी त्यांच्या चुका काढतो." त्यावर आजी म्हणाली, "दुसरासन्या चुका काढाना पगार देतस? हाई काम ते मी फुकट करस!" सगळे हसले. मी मात्र रात्री गच्चीवर दादाला पुन्हा गाठले, कारण बोलता बोलता त्याने 'सत्यताकोष्टक' हा शब्द उच्चारला होता. त्या रात्री आणि पुढे सुट्टीभर त्याने जे समजावून दिले, त्याला नंतर वाचनाची जोड देऊन हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. चिपमध्ये दोष दोन प्रकारचे असतात. कारखान्यात एखादा धूलिकण पडला, एखादी तार तुटकी उमटली, तर ती एकच चिप वाया जाते. तिच्या शेजारची उत्तम निघू शकते. हा घडणीतला दोष. दुसरा दोष आराखड्यातला. आखणाऱ्यानेच जर 'आणि'च्या जागी 'किंवा' लिहिले असेल, तर कारखाना कितीही निर्दोष असो, निघणारी प्रत्येक चिप तीच चूक घेऊन निघते. दादाचे काम या दुसऱ्या दोषाशी आहे.

आपल्या या वार्षिकांकाचेच उदाहरण घ्या. छपाईपूर्वी संपादक मंडळ मुद्रिते तपासते. तरीही चूक राहिली तर शेवटी शुद्धिपत्र जोडता येते आणि वाचक समजून घेतात. चिपला शुद्धिपत्र जोडता येत नाही. काही किरकोळ चुका नंतर आज्ञावलीतून झाकता येतात हे खरे, पण मूळ रचना बदलायची तर पुन्हा नवे साचे करावे लागतात. त्यांचा खर्च प्रचंड असतो, आणि नवी चिप हाती येईपर्यंत महिनोन्‌महिने जातात. म्हणून चूक सापडायची ती कारखान्यात आराखडा पाठवण्याच्या आधी सापडली पाहिजे.

त्या वेळी चिप असते तरी कोठे? ती कागदावर, किंवा अधिक नेमके सांगायचे तर मजकुरात असते. आराखडा लिहिण्यासाठी व्हेरिलॉगसारख्या खास भाषा आहेत. 'घड्याळाचा ठोका पडला आणि अमुक संकेत असेल, तर तमुक खणात ही संख्या ठेव' अशा आशयाची हजारो-लाखो वाक्ये त्यात असतात. हा मजकूर दुसऱ्या संगणकावर चालवून पाहतात, म्हणजे न जन्मलेल्या चिपचे सोंग एक जुना संगणक वठवतो. त्याला गणिते घालायची, उत्तरे योग्य येतात का ते पाहायचे. गणिते हाताने किती लिहिणार? म्हणून ती सोडतीच्या आकड्यांप्रमाणे यंत्राकडूनच काढून घेतात आणि रात्रंदिवस चालू ठेवतात. ही झाली चाचणी. बहुसंख्य चुका आजही अशाच सापडतात, आणि त्या सापडाव्यात यात कमीपणा काहीच नाही.

पण चाचणीने न सापडलेल्या एका चुकीमुळे सगळ्या जगाला या विषयाची दखल घ्यावी लागली. इंटेल कंपनीने १९९३ साली पेंटियम नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. तो घडवण्यात ज्यांचा पुढाकार होता ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले; त्यामुळे आपल्याकडेही त्या नावाचे कौतुक झाले. या पेंटियममध्ये भागाकार जलद व्हावा म्हणून एक युक्ती योजली होती, आणि ती समजायला आपला पाटीवरचा भागाकार पुरेसा आहे. मोठ्या संख्येला मोठ्या संख्येने भागताना आपण पहिले एकदोन अंक पाहून अंदाज करतो, 'तीनदा जाईल'. अंदाज चुकला तर बोटाने पुसून 'दोनदा' करतो. यंत्राला पुसत बसायला वेळ नसतो. म्हणून त्याला एक तयार तक्ता दिलेला असतो: बाकीचे पहिले काही अंक आणि भाजकाचे पहिले काही अंक पाहायचे, आणि तक्त्यातल्या त्या घरात जो अंक असेल तो भाग लावायचा. तक्त्यातले अंक उणे दोनपासून अधिक दोनपर्यंतच असतात. एखाद्या पायरीला थोडा जास्त भाग लागला तर पुढच्या पायरीला उणे अंक लावून तो सावरला जातो. मोठी देखणी रीत आहे ही!

या तक्त्यात २०४८ घरे होती, आणि त्यांपैकी १०६६ घरांत अंक भरायचे होते. इंटेलच्या सांगण्याप्रमाणे त्यांतली पाच घरे रिकामी राहिली. जेथे अधिक दोन हवे होते तेथे शून्य गेले. (२०२४ साली केन शिरिफ यांनी जुन्या पेंटियमचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला, तेव्हा रिकामी घरे प्रत्यक्षात सोळा असल्याचे दिसून आले, पण उत्तर बिघडते ते त्यांतल्या पाचांमुळेच.) बहुतेक भागाकारांत त्या पाच घरांवर यंत्राचे बोट पडतच नसे. पडले तर उत्तर चुके. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२०४… यायला हवे, पेंटियम १.३३३७३९०… देत असे. म्हणजे चौथ्या दशांशस्थळापासूनच उत्तर चुकलेले!

ही चूक चव्हाट्यावर आणली ती एका गणिताच्या प्राध्यापकाने. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजचे टॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा, मध्ये एकच संख्या असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या त्यात येतात. व्यवहारात या बेरजेचा काडीचा उपयोग नाही. जून १९९४ मध्ये त्यांना उत्तरांत विसंगती दिसली. पहिला संशय त्यांनी स्वतःच्या आज्ञावलीवर घेतला, मग इतर भागांवर. एकेक शक्यता दूर करीत ऑक्टोबरमध्ये ते चिपपाशी येऊन ठेपले, आणि महिनाअखेरीस त्यांनी इतर अभ्यासकांना तसे कळवले. आमच्या पाठ्यपुस्तकात कारण शोधण्याची जी रीत दिली आहे ती यापेक्षा निराळी नाही. फरक एवढाच की पुस्तकातील उदाहरणे बहुधा विषबाधेची असतात.

इंटेलचे म्हणणे पडले की यदृच्छेने घेतलेल्या नऊ अब्ज भागाकारांत एखादाच चुकतो आणि सामान्य माणसाला ही चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल. आयबीएम कंपनीने हा हिशेब अमान्य करून आपल्या पेंटियम-संगणकांची विक्री थांबवली. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर केले, आणि त्यासाठी सत्तेचाळीस कोटी पन्नास लाख डॉलर खर्ची टाकले.

आता कोणी म्हणेल, सगळी गणिते घालून का पाहिली नाहीत? म्हणजे एकही शिल्लक ठेवायचे नाही! हा प्रश्न मीही दादाला विचारला. तो म्हणाला, "भागाकाराचे राहू दे. साध्या बेरजेचे पाहू." ३२ द्विमान अंकांची एक संख्या आणि तेवढीच दुसरी, म्हणजे ६४ जागा, आणि प्रत्येक जागी शून्य किंवा एक. सत्यताकोष्टकात एक विधान वाढले की ओळी दुप्पट होतात, हे आपण जाणतोच. दोन विधानांना चार ओळी, तिनांना आठ. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार ठेवीत जाणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. पटालाही घरे ६४ असतात, आणि त्या साऱ्या दाण्यांपेक्षा आमच्या कोष्टकाच्या ओळी बरोबर एकाने जास्त भरतात. सेकंदाला शंभर कोटी बेरजा तपासल्या तरी सगळ्या संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. थाळनेर आणि बुऱ्हाणपूर येथून फारुकी राजे खानदेशावर राज्य करीत होते, त्या काळी सुरू केलेले काम आज कुठे हातावेगळे झाले असते! आणि आजचे मायक्रोप्रोसेसर ३२ नव्हे, ६४ अंकांचे असतात. तेथे वर्षे मोजण्यात अर्थच उरत नाही.

म्हणजे चाचणी कितीही केली तरी ती नमुन्याचीच राहते. दहा कोटी गणिते बरोबर आली, म्हणून सारी येतील, हे अनुमान नुसत्या गणनेवर आधारलेले विगमन आहे. पाहिलेले सर्व कावळे काळे, म्हणून सर्व कावळे काळे. याची मर्यादा आम्हाला शिकवली जाते, पण ती मनावर ठसावी असे उदाहरण कावळ्यांत मिळत नाही. ते मला आपल्याच खानदेशात मिळाले.

चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. आपल्यापैकी बहुतेकांची एक तरी सहल तेथे गेलेली असते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापला, आणि त्याची नोंद सांगणारा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख पाटण येथे सापडला. भास्कराचार्य शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मले, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यातील बीजगणिताच्या भागात एक प्रश्न येतो: एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती?

६१ ऐवजी ६० घेतले तर उत्तर चटकन सापडते. ४ चा वर्ग १६, सोळा गुणिले साठ ९६०, अधिक एक ९६१, आणि तो ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ ही संख्या चालते, कारण बेरीज ३९६९ येते आणि तो ६३ चा वर्ग. आता ६१ घ्या. एक घाला, दोन घाला, शंभर घाला, लाख घाला. पूर्ण वर्ग येत नाही. एखाद्याने यंत्राला बसवून एक कोटीपर्यंत पाहिले, दहा कोटींपर्यंत पाहिले, वीस कोटींपर्यंत पाहिले, आणि जाहीर केले की 'असा वर्ग येतच नाही', तर त्याला दोष कोण देईल? तरीही तो चुकला असता. २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० ही संख्या घेतली की १७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९ या संख्येचा वर्ग बरोबर येतो, आणि यापेक्षा लहान उत्तर नाही. भास्कराचार्य काही एकेक संख्या घालीत बसले नव्हते. चक्रवाल नावाच्या रीतीने, एका पायरीवरून दुसरीवर नेणाऱ्या तर्काने, ते थोड्याच पायऱ्यांत तेथे पोचले.

पेंटियमची पाच घरे आणि ही बावीस कोटींपलीकडची संख्या यांत मला तरी साम्य दिसते. दोन्ही ठिकाणी अपवाद आहे, पण सहज हात घातला तर तो लागत नाही. तो हवा असेल तर रीत पाहिजे.

चिपच्या बाबतीत ही रीत कोणती? येथे आमची सत्यताकोष्टके येतात, आणि नेमके सांगायचे तर त्यांची ती छोटी पद्धती येते, जिच्यात आपण निष्कर्ष असत्य धरून चालतो आणि व्याघात येतो का ते पाहतो. जिन्यातल्या दिव्याचे उदाहरण घेऊ. खाली एक बटण, वर एक बटण. दोहोंपैकी नेमके एक दाबलेले असेल तर दिवा लागावा. एकाने आराखडा केला: 'क आहे आणि ख नाही, किंवा क नाही आणि ख आहे'. दुसऱ्याने कमी तारांचा आराखडा केला: 'क किंवा ख आहे, आणि क व ख दोन्ही आहेत असे नाही'. दोन्ही एकच आहेत का? कोष्टकाच्या चार ओळी न मांडता, ते निराळे आहेत असे धरून चालू. समजा पहिला सत्य आणि दुसरा असत्य. पहिला सत्य म्हणजे दोहोंपैकी नेमके एक दाबलेले. मग 'क किंवा ख' सत्य झाले, 'दोन्ही' असत्य झाले, म्हणजे दुसरा आराखडा सत्य ठरला. पण तो तर आपण असत्य धरला होता. व्याघात. उलट बाजूने पाहिले तरी तेच होते. म्हणून आराखडे समान.

आता समजा, दुसऱ्याने घाईत शेवटचा भाग गाळून नुसते 'क किंवा ख' लिहिले. तेच गृहीत धरून पुन्हा चाला. या वेळी व्याघात येत नाही. उलट एक ओळ हाती लागते: क सत्य, ख सत्य. म्हणजे 'दोन्ही बटणे दाबा, चूक दिसेल' असा पत्ताच मिळतो. दादा म्हणतो, या रीतीचे मोठे वैशिष्ट्य हेच. सिद्ध झाले तर एकही ओळ शिल्लक राहत नाही, आणि सिद्ध झाले नाही तर चूक कोठे आहे ते हातात पडते. यंत्रे हे काम लाखो अक्षरांच्या सूत्रांवर करतात. मात्र ती दर वेळी वेळेत उत्तर देतील असे नाही. १९७१ साली स्टीफन कुक यांनी या प्रश्नाचे मूलभूत अवघडपण दाखवून दिले, आणि सर्व सूत्रांना लागू पडणारी झटपट रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही. १९८६ मध्ये रँडल ब्रायंट यांनी कोष्टक घडी घालून लहान करण्याची एक पद्धती पुढे मांडली. एकच उपप्रश्न दोनदा येत असेल तर तो एकदाच लिहायचा, असे तिचे स्वरूप. तिने बेरजेचे वर्तुळ सुरेख आटोक्यात येते. गुणाकाराला मात्र घडी बसत नाही, हेही ब्रायंट यांनीच सिद्ध केले. बेरीज सोपी आणि गुणाकार अवघड, हे आम्हाला तिसरीतच ठाऊक होते!

पण चिप म्हणजे नुसते दिव्याचे बटण नव्हे. ती ठोक्याठोक्याला एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाते. येथे दादाने आगगाडीचे उदाहरण दिले. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी म्हणून पूर्वी चालकाच्या हाती टोकन देत. टोकन नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. टोकन या स्थानकात, त्या स्थानकात, किंवा चालकाजवळ. गाडी येथे, तेथे, किंवा वाटेत. या सर्व स्थितींची यादी करता येते. आरंभीच्या स्थितीतून निघायचे, जेथे जेथे पोचता येईल त्या त्या स्थितीला खूण करायची, आणि 'वाटेत दोन गाड्या' ही स्थिती कधी गाठता येते का ते पाहायचे. नवी स्थिती उरली नाही आणि ती अभद्र स्थिती आली नाही, की झाले. चिपमध्ये गाड्यांच्या जागी, स्मृतीच्या एकाच खणात लिहू पाहणारे दोन गणक असतात, एवढेच.

तेवढ्यात मी विचारले, "दोन्ही गाड्या कायमच्या उभ्याच राहिल्या तर? टक्कर तर होणार नाही." दादा खूष झाला. म्हणाला, "चाळीसगाव-धुळे पॅसेंजरच्या प्रवाशांना विचार, ते याला सुरक्षितता म्हणतील का?" म्हणून दोन प्रकारची विधाने लिहावी लागतात: 'अमुक कधीही घडणार नाही' आणि 'तमुक कधी ना कधी घडेलच'. हे 'नेहमी' आणि 'कधीतरी' आमच्या कोष्टकात बसत नाहीत. तेथे विधान सत्य असते वा असत्य, काळ नसतो. अमीर प्नुएली यांनी १९७७ साली कालवाचक तर्कशास्त्राचा वापर संगणकाच्या आज्ञावलींसाठी करून दाखवला. तत्त्वज्ञांनी बांधलेली ही शाखा, तिला त्यांच्यामुळे असे काम मिळाले. पुढे १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत क्लार्क व इमर्सन यांनी आणि फ्रान्समध्ये सिफाकिस व त्यांच्या सहकाऱ्याने स्थिती धुंडाळण्याची ही तपासणी यंत्राकडून करवून घेण्याची रीत काढली. क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पेंटियमच्या प्रकरणानंतर कंपन्यांचा या सिद्धतांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. १९९५ साली एएमडीने आपल्या के-५ या मायक्रोप्रोसेसरच्या भागाकाराची रीत गणिती सिद्धतेने तपासून घेतली. त्यात ज्यांचा सहभाग होता ते जे स्ट्रॉथर मूर मुळात तर्कशास्त्राच्या यांत्रिकीकरणावर काम करणारे. २००९ मध्ये इंटेलच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केले, की कोर आय-७ च्या गणन-विभागासाठी त्यांनी चाचणीची जागा बव्हंशी सिद्धतेला दिली. आपल्याकडेही मुंबईला, पवईच्या आयआयटीत रूपात्मक पडताळणीवर संशोधन चालत आले आहे. त्याच संस्थेत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर आखला. तो मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने घडवण्यात आला, आणि २०१९ मध्ये त्याचे वृत्त आले. १८० नॅनोमीटर हे तंत्र तेव्हाही जुने होते, पण आराखडा येथला आणि घडण येथली, हे मला महत्त्वाचे वाटते.

येथवर ऐकून मी दादाला म्हटले, "म्हणजे सिद्ध केले की झाले. मग तुझी काळजी मिटली." तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने सांगितले ते त्याच्या पहिल्या नोकरीतले. त्याच्याकडे एका लहानशा भागाची पडताळणी होती. स्मृतीकडे मागणी पाठवायची, उत्तर आले की पुढे द्यायचे, आणि मध्येच मागणी रद्द झाली तर सोडून द्यायचे, एवढेच त्या भागाचे काम. सिद्धता करताना बाहेरून काय येऊ शकते ते सांगावे लागते, नाही तर यंत्र अशक्य कोटीतल्या चुका दाखवीत बसते. म्हणून त्याने एक गृहीतक लिहिले: 'उत्तर आणि रद्द करण्याचा संकेत एकाच ठोक्याला येणार नाहीत.' शेजारच्या विभागाने तसे सांगितले होते, आणि त्या दिवशी ते खरेही होते. सिद्धता पूर्ण झाली. सगळ्या विधानांपुढे हिरवी खूण उमटली.

पुढे शेजारच्या विभागाने गती वाढवण्यासाठी आपला आराखडा बदलला. दादाचे गृहीतक तसेच राहिले. चिप घडून आली, टेबलावर जोडली, आणि काही तास उत्तम चालून थिजली. पुन्हा चालू केली, पुन्हा काही तासांनी थिजली. कारण सापडायला तीन आठवडे लागले. चिप पुन्हा घडवावी लागली. "मला कोणी रागावले नाही," दादा म्हणाला, "पण त्या तीन आठवड्यांत मी रोज ती हिरवी खूण उघडून पाहात होतो. ती हिरवीच होती."

आमच्या वर्गात याला नाव आहे. युक्तिवाद वैध, परंतु आधारविधान असत्य. 'सर्व माणसे चतुष्पाद आहेत' असली उदाहरणे देऊन ते शिकवले जाते, आणि आम्ही हसतो, कारण असे आधारविधान कोणी खरोखर लिहील असे वाटत नाही. दादाने लिहिलेले विधान हास्यास्पद नव्हते. ते लिहिले त्या दिवशी सत्य होते. असत्य कधी झाले हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि त्याने विचारले नाही.

आता तो जेथे काम करतो तेथे त्याने एक पद्धत पाडली आहे. एका विभागाने धरलेले गृहीतक दुसऱ्या विभागाकडे साध्य म्हणून जाते. 'तुम्ही म्हणता ना हे दोन संकेत एकत्र येणार नाहीत, मग ते तुमच्या बाजूने सिद्ध करून द्या.' आणि कोणत्याही विभागाचा आराखडा बदलला, तर त्याच रात्री सारी साध्ये यंत्रावर पुन्हा तपासली जातात. जी सिद्ध करता येत नाहीत, त्यांची निराळी यादी असते. प्रत्येकापुढे ते कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी सांगितले हे लिहिलेले असते, आणि आराखडा कारखान्यात जाण्यापूर्वी दादा त्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करतो. मागच्या खेपेला यादीत एकेचाळीस ओळी होत्या. त्यांतल्या दोन असत्य निघाल्या.